काना

भवानी पेठेत माझं कर्णयंत्रांचं दुकान, 'श्रवण'.
उमेदवाराचं नाव श्रावण भिंताडे.
त्यांचं डॉट कॉम, माझं डॉट इन,
आणि इंग्रजीत काना दिसत नाही;
घाईत त्यांचे मेल माझ्याकडे.

रात्री दोनला: 'साहेब, रामोशी गेटला खुर्च्या दोनशे, माणसं चाळीस.'
'भाषणात पाण्याचा विषय नको.'
मग कुणी तुपे, बूथ एकशे बारा:
'सकाळपासून पोरं उपाशी.
कुणी ऐकतंय का?'

मी लिहिलं, पत्ता चुकलाय.
जरा थांबून खाली:
पण ऐकू आलं.

निकालानंतर आठवड्याने भिंताडे स्वतः आले,
पडलेले. गळ्यात अजून तोच पंचा.
डावा कान पुढे करून म्हणाले, बघा जरा,
कर्णे फार जवळ लावायचे हो सभेत.

तुपेंचा मेल अजून आहे माझ्याकडे.
आधी कानातला मळ काढला.