दोनशे अठ्ठेचाळीस ग्रॅम

पुन्ता अरेनासमध्ये आधी वारा येतो,
मग गिऱ्हाईक.
पहाटे पाच ते सात, एवढीच त्याची डुलकी.
घर विकायचं तर तेवढ्यात टिपून घ्यायचं.

एका घराचे मला चाळीस हजार पेसो मिळतात.
महिन्याला घरं पाच. कधी चार.
मेव्हणा नेल्सन म्हणतो, येर्का, मोठं ड्रोन घे,
वाऱ्याला भीक न घालणारं.
त्याची किंमत मी दोनदा वाचली,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
नाकापेक्षा मोती जड, एवढंच म्हणाले
आणि त्याच्या बशीत आणखी एक बटाटा वाढला.

शेवटी लहान घेतलं, तेही वापरलेलं.
आधीचा मालक त्यातून मेंढ्या मोजायचा.
एका पात्यावर नेलपॉलिशचा ठिपका,
खुणेचा की चीर बुजवलेली, त्याने सांगितलं नाही.
मी पातं बदललं.
बॅटऱ्या तीन. तिसरीचं पोट फुगलेलं.
ती त्याच्याच हातात ठेवली
आणि भावातून वीस हजार उतरवले.

कॅमेरा दहा वर्षांचा.
साठ हजार वेळा उघडलाय त्याचा पडदा,
अजून तेवढ्याच वेळा उघडेल, विकणारा म्हणाला.
माणसाबद्दल इतकं तरी कोण सांगतं?
लेन्स मात्र रुंद हवी आणि तिपाई जड;
तिथे काटकसर केली की भिंती
प्यायल्यासारख्या झुकतात.

पहिलं घर एर्मिनिया मान्सियाबाईंचं.
स्वयंपाकघराचे तीन फोटो, एकाच जागेवरून:
एक खिडकीबाहेरच्या उजेडासाठी,
एक खोलीसाठी,
एक चुलीमागच्या काळोखासाठी.
तिन्ही एकावर एक बसवले
की खरं वाटावं असं काहीतरी तयार होतं.

बाईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
हे माझं नाही, म्हणाल्या.
माझ्या स्वयंपाकघरात पाव काढायला वाकलं
की मागे टेबलाचा कोपरा लागायचा.
एवढं मोठं असतं तर
ऑस्व्हाल्दोशी निम्मी भांडणं झालीच नसती.
मी लेन्सचं समजावू लागले,
मग गप्प बसले.

अंगणातून उडवलं तेव्हा सात वाजायला आले होते.
तीस मीटरवर वारा जागा झाला.
दोनशे अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे किती?
दोन लिंबं आणि एक कांदा.
तेवढंसं ते, नाक खाली घालून,
जागच्या जागी राहण्यासाठी धावत होतं.
हातातल्या पडद्यावर लाल अक्षरं: ताबडतोब उतरवा.
मी चार फोटो काढले, अंगठे बधिर.
पाचवा तिरका आला,
त्यात अर्धी सामुद्रधुनी.

छप्पर सगळं लाल पत्र्याचं.
धुराड्यापाशी एक हिरवा चौकोन.
बाई खुर्ची ओढून जवळ आल्या.
बोटीचा उरलेला रंग, म्हणाल्या.
त्या वर्षी गळत होतं.
मला शपथेवर म्हणाला होता, लालच लावलाय!
म्हणजे इतकी वर्षं
हे फक्त पक्ष्यांना माहीत.
हसल्या, इतक्या की खोकला आला,
पाणी आणायला मी त्या अरुंद स्वयंपाकघरात गेले
आणि टेबलाचा कोपरा लागला.

संध्याकाळी एजन्सीतल्या माणसाचा निरोप:
छप्पर एका रंगाचं करून पाठवा.
केलं. दहा मिनिटांचं काम.
बिलात लिहिलं: डाग काढणे, पाच हजार.
‘डाग’ खोडून ‘चौकोन’ लिहिलं.
मग सगळी ओळच खोडली.

मूळ फोटो कार्डावर तसाच आहे.
कार्ड स्वस्तातलं.
नेल्सन म्हणतो, त्याचा काही भरवसा नाही.