अकरा पायांचा

वळवईच्या जेटीला बार्ज गंजत पडली होती.
तिच्या पॅनलमधून पुरसो मेस्ताने सोडवून आणले
चार रिले, बिस्किटांच्या डब्यात,
पारदर्शक टोपणांचे, प्रत्येकाला अकरा पाय.
तीन मेलेले निघाले.
चौथ्याला चोवीस व्होल्ट दाखवले
तशी आतली पितळी जीभ हलली: टिक.
"जिवो आसा," म्हणाला,
आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

वाड्यावरच्या पोरांना नरकासुराची मान हलवायची होती.
सावईचा म्हणे हात उचलतो,
त्याच्या डोळ्यांत लाल दिवे.
आमच्याकडे होती टिपरची वायपर मोटर,
खाणीच्या मातीने अजून तांबडी,
दोन उसन्या बॅटऱ्या,
आणि मी,
फोंड्याच्या आयटीआयत पहिल्या वर्षाला,
वर्गात एकटीच मुलगी.

मोटरचं काय, तिला स्वभाव नसतो.
तारा उलट्या लावा, उलटी फिरते.
पण रात्रभर तारा उलटसुलट करत
राक्षसाच्या पोटात बसणार कोण?
म्हणून हा अकरा पायांचा.
बेस नव्हता, पायांनाच सोल्डर केलं,
तीन बोटं भाजली, मोजून.

एक स्विच उजव्या खांद्याशी, एक डाव्या.
हनुवटी उजवीकडे टेकली की कॉइलला वीज,
टिक, मान निघते डावीकडे.
निघते,
आणि हनुवटी सुटताच स्विचही सुटतो,
मान अर्ध्या इंचावरून माघारी येते,
टेकते, सुटते, टेकते,
टिकटिकटिकटिक,
हिवताप भरल्यासारखा थरथरला नरकासुर.
पोरं गवतावर लोळून हसली.
सोयरूने व्हिडिओ काढला.

पुरसो हसला नाही.
वीतभर वायर दातांनी सोलली,
डाव्या स्विचमधून वीज सहाव्या पायाला आणली,
सातव्यावरून परत कॉइलला.
"हाका ताचेंच बोट दी."

मी उजवा स्विच दाबला. टिक.
बोट काढलं.
रिले तसाच.
आपल्याच मिटलेल्या ओठांतून
आपल्यालाच वीज पाजत
धरून बसलेला,
डावा स्विच येऊन तोडेपर्यंत.
मी पुन्हा दाबलं. पुन्हा काढलं.
मला वाटतं, सात-आठ वेळा.

"बार्जीचो पंप असोच चलतालो," तो म्हणाला,
"आमी न्हिदताले."
खाण बंद झाली त्या दिवशी
पंपाचा स्टॉप त्यानेच दाबला होता.
हे त्याने सांगितलं नाही.
त्याच्या बायकोने सांगितलं,
चहाचे पेले गोळा करता करता.

रात्रभर तो बघत राहिला,
एकदा देवळाकडे, एकदा नदीकडे,
वाटेत कुणाच्याच तोंडावर न थांबता.
लहान पोरं त्याच्या नजरेसमोरून पळायची.
बक्षीस सावईला गेलं.

पहाटे पाचला पायांना आग लावली.
बॅटऱ्या आणि रिले लांब, फणसाखाली खोक्यात,
पुरसोचं बोट स्टॉपवर.
मोटर काढायची राहिली की ठेवली,
नंतर कुणी तो विषय काढला नाही.
गवत पेटलं, छाती पेटली,
आणि मान फिरतच होती,
देवळाकडे, नदीकडे,
जळणाऱ्या मिशांसकट.
मी अठरापर्यंत मोजलं.
स्टॉप कुणी दाबला नाही.

मग आत कुठे तरी वायरींची कातडी वितळून
तांब्याला तांबं लागलं असेल,
फ्यूज गेला.
फटाक्यांच्या माळा, ढोल, शिट्या,
त्यातही मला ऐकू आलं खोक्यातून.
रिले सुटतानाचा आवाज वेगळा असतो,
धरतानाच्या टिकहून जरा खालचा.
पुरसोने मान वर केली,
म्हणजे त्यालाही.

घरी आईने तुळशीपुढे कारीट ठेवलं होतं.
टाचेखाली फोडलं, बिया उडाल्या,
रीतीप्रमाणे रस जिभेला लावला.
कडू लागायला हवा होता.
बोटाला अजून सोल्डरचीच चव होती.