काळं डोकं कुठाय?

दिवाळ्याच्या जेट्टीवरून होडी सुटली सकाळी सातला,
तिसरी ब अख्खी आत.
सगळ्यांना बघायचे होते रोहित,
गुलाबी, उंच, पोस्टरवरचे.
पण खाडीला भरती,
चिखल सगळा पाण्याखाली
आणि रोहित कुठेतरी लांब.

"मग आता काय बघायचं?" झैद कुरकुरला,
तेवढ्यात त्याच्या कानाशेजारून
काहीतरी पांढरं गेलं
क्र्याऽऽर करत.

इंजिनवरचा हात न काढता
हसुराम नाखवा म्हणाले,
"यो बगा. कुरव."

आणि मग एक नाही, दोन नाही,
फेसाचेच पक्षी झाल्यासारखे
होडीमागून येत राहिले.

पाठ राखाडी, नुकत्या पुसलेल्या पाटीसारखी.
चोच लाल, टोक मात्र दौतीत बुडवलेलं.
पाय लाल, कितीही भिजले तरी
रंग न जाणारे मोजे.
पंख उघडला की पुढच्या कडेला
खडूनं आखावी तशी पांढरी रेघ,
आणि टोकाशी काळं.
(खडू संपला, प्रणिता म्हणाली.)

एकाच्या पंखांवर तपकिरी ठिगळं,
शेपटीला काळी पट्टी.
"तो आजारी आहे का?"
नाही गं, तो लहान आहे,
पहिलीतला समज.

मी वहीत लिहायला सांगितलं नाव:
काळ्या डोक्याचा कुरव.
लावण्यानं लिहिलं, वर पाहिलं,
पुन्हा वहीत पाहिलं.
"बाई, काळं डोकं कुठाय?"

खरंच की.
डोकं पांढरंशुभ्र,
डोळ्यामागे फक्त एक ठिपका,
दृष्ट लागू नये म्हणून
आईनं घाईत लावलेली तीट.

"नाव चुकलंय," लावण्या म्हणाली,
आणि वहीत काट मारली.
मला उत्तर येत होतं.
पण नाखव्यांनी मला डोळ्यानं गप्प केलं.
"मार्चान या," एवढंच म्हणाले.

शेजारच्या होडीतून कुणी गाठ्या उधळत होतं.
कुरव हवेतच झेलत होते,
एकमेकांवर खेकसत.
आमच्या झैदच्याही खिशात पुडी होती.
"नको बाला," नाखवा म्हणाले,
"त्याला मासली, किरे, कोलंबी.
गाठ्यांनी प्वॉट भरतं, बल नाय येत.
लय लांब जायचाय त्याला."

किती लांब?
घणसोलीच्या पुढे?
ठाण्याच्या पुढे, नाशिकच्या पुढे,
हिमालय ओलांडून पलीकडे,
जिथं हिवाळ्यात तळी गोठतात
आणि उन्हाळ्यात काठच्या गवतात
त्याचं घरटं असतं.
होडी थोडा वेळ गप्प झाली.
झैदनं पुडी दप्तरात ठेवली.
(परतताना स्वतःच खाल्ली.)

मार्चमध्ये सातच जण आले.
परीक्षा जवळ, ऊन कडक,
जेट्टीवर सुकतीचा वास.
कुरव थोडेच उरले होते.
एक खांबावर बसला होता, वाऱ्याकडे तोंड करून,
आणि त्याचं डोकं...

"काळं!" प्रणिता किंचाळली.
लावण्यानं डोळे बारीक केले.
"काळं नाही. चॉकलेटी."
बरोबर होतं तिचं.
जवळून पाहिलं तर गडद तपकिरी,
डोळ्याभोवती पांढरी अर्धी कडी,
मानेवर संपणारी टोपी.
म्हणजे नाव पुन्हा चुकलं!

"लगनाला निंगालाय यो," नाखवा हसले.
"चार म्हयने आपल्याकरं उघऱ्या डोक्यानं ऱ्हायला.
आता निंगताना नवी टोपी."

लावण्यानं वही काढली.
जुनी काट तशीच ठेवून
खाली लिहिलं:
नाव बरोबर आहे,
पण ते जाताना कळतं.
मग थोडा विचार करून:
आणि थोडं चॉकलेटी.

त्या दिवशी ओहोटी होती.
आमच्या पाठीमागे चिखलात
रोहित उभे होते, हजारभर तरी,
गुलाबी, उंच, पोस्टरवरचे.
कुणी वळून पाहिलं नाही.
खरं सांगायचं तर
झैदनं पाहिलं, एकदाच.