थंड चाक

रात्रपाळीत माझ्यासमोर एकशे चाळीस ट्रक असतात,
म्हणजे ठिपके.
भोसरीत, बेअरिंगच्या दुकानावरचा दुसरा मजला,
पंख्याला एक पातं कमी.
प्रत्येक ठिपक्याच्या पोटात सहा चाकांचे आकडे:
कुठला ड्रम किती तापला,
लायनिंग किती मिलिमीटर उरलं,
हवा कुठे गळते.

पहिल्या आठवड्यात मी तांबड्याच्या मागे धावायचे.
तापलं की फोन, तापलं की फोन.
पोतफोडे काका, तीस वर्षं निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत
ट्रकखाली पाठ घासलेला माणूस,
तंबाखू मळता मळता म्हणाले,
"पोरी, तापतंय ते राबतंय.
उतारावर जे थंड राहतं
त्याची चौकशी कर."

आज पावणेतीनला
खंबाटकीचा बोगदा सोडून दस्तगीर मुलाणी खाली उतरला.
बेळ्ळारीचं लोखंड, अठरा टन.
दोनशे चाळीस, दोनशे पंचावन्न, दोनशे अडतीस,
दोनशे बासष्ट, दोनशे एकोणपन्नास.
मागचं डावं: एकसष्ट.
कुठलाही भोंगा वाजला नाही.
एकसष्ट हिरव्या रंगात बसतं.

मला आमचं स्वयंपाकघर आठवलं,
बाबांच्या डायलिसिसचे वार भिंतीवर,
आई, मी, धाकटी, सगळ्या लालबुंद,
आणि मयूरदादा.
किती शांत आहे हो तुमचा मुलगा,
म्हणायचे लोक.

फोन उचलला. मागे इंजिन, त्याच्याही मागे कव्वाली.
"ताई, बिरेक लागतोय की."
लागतोय, दस्तगीरभाई. पाचच लावतायत.
"सेन्सर गेला असंल."
असेलही.
पण पुढे कात्रजचा नवा बोगदा आहे,
आणि त्याच्या तोंडापासून नवले पुलापर्यंत
सेन्सर गेला की ब्रेक गेला
हे उतार विचारत नाही.
आणि न्यूट्रल टाकून डिझेल वाचवता
तेही मला इथे दिसतं,
मालकाला अजून सांगितलेलं नाही.
कव्वाली बंद झाली.
बराच वेळ नुसता रस्ता ऐकू आला,
मग इंडिकेटरची टिकटिक.

खेड शिवापूरच्या अलीकडे ठिपका थांबला.
चार मिनिटं. नऊ.
फोटो आला: टॉर्चच्या उजेडात
चेंबरचा दांडा, गंजून जागच्या जागी,
आणि कोपऱ्यात चुकून आलेला त्याचा अंगठा, काळाभोर.
खाली लिहिलं होतं,
हात लावून बगितला. गार हाय.

मेकॅनिक शिरवळहून उजाडल्यावर निघेल.
तोवर आकडे उतरत राहिले,
एकशे तीस, नव्वद, साठ,
आणि साडेपाचच्या सुमाराला सहाही चाकं
जवळजवळ सारखी झाली.
आता कोण राबलं नि कोण नाही
हे कुणाला विचारून कळणार नाही.
तो पावणेतीनचा पडदा मी जपून ठेवला.
फाइलला नाव सुचलं नाही.

सहाला जिना उतरले.
बस स्टॉपवर फुस्स करून टेकली.
चढण्याआधी मागच्या चाकाजवळ
मी पंजा धरला, न टेकवता.
"काही पडलं का मॅडम?" कंडक्टर.
नाही, म्हटलं, बघत होते.
ऊब होती.