खिसे दोन

वडील शर्टाला दोन खिसे शिवून घ्यायचे.
डावा दुकानाचा, उजवा घराचा.
डाव्यातून पोरांना गोळी नाही,
उजव्यातून हमालाला चहा नाही.
रात्री दोन्ही वेगवेगळे मोजायचे,
आणि इकडचे चार आणे तिकडे गेलेच कधी
तर चिठ्ठी लिहायचे,
स्वतःच स्वतःला, सहीसकट.

मीही तसेच शिवून घेतो.
गणपती पेठेतला शिंपी अजून विचारतो,
दोन कशाला ओ मगदूम?

कुपवाडला माझी शेड आहे. पत्र्याची.
पिना मारायचं एक मशीन, तीन बाया आणि मी.
बेदाण्याची खोकी करतो, पंधरा किलोची.
कागदवाला रोख मागतो,
बेदाण्याचा व्यापारी म्हणतो नव्वद दिवस.
या दोघांच्या मधली जी फट
तिथं बँकेनं एक कार्ड सरकवलं.
निळं. वर माझं नाव,
खाली जिनदत्त पॅकेजिंग.
सही कुठं कुठं केली आठवत नाही,
खळ लागलेल्या हातानं उभ्याउभ्याच केली,
एका पानाला अंगठा चिकटला होता
तो सोडवून घेतला.

कार्ड मी डाव्या खिशात ठेवलं.

मर्यादा दोन लाख, उचल एक अठ्ठ्याऐंशी,
मार्चभर, एप्रिलभर तशीच काठोकाठ.
तासगावचा चेक आला की उतरवू.
चेक आला, अकरा दिवस उशिरा.
मी म्हटलं, दुकानाचं आहे, दुकान बघेल.

मे महिन्यात पद्मावतीला घेऊन
विश्रामबागेत फ्रीज बघायला गेलो. हप्त्यावर.
आधीच्याचं दार ती सहा वर्षं
रबर लावून बंद करत होती.
तिनं मरून रंगाचा पसंत केला,
दारावर हात ठेवून उभी राहिली.
काउंटरवरच्या पोरानं पॅन नंबर घातला,
मान वर न करता म्हणाला,
काका, तुमच्या नावावर होत नाही.

सहाशे एकेचाळीस.

आमच्याकडं ऑगस्टात अख्खी सांगली
एकमेकांना आकडा विचारते:
आयर्विनला किती फूट?
तो चढला की सामान माळ्यावर जातं.
हा माझा आकडा केव्हा उतरला
कुणीच विचारलं नाही,
घाटावर एक पायरीसुद्धा उघडी पडली नाही.

मी म्हटलं, अहो, घराचं लाइट बिल,
पोरीची फी, विम्याचा हप्ता,
एक दिवस इकडं तिकडं नाही.
कार्ड दुकानाचं आहे.
पोरगा बरा होता. त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली.
पॅन एकच आहे ना काका, म्हणाला,
दुकान म्हणजे तुम्हीच की.

ज्यानं नव्वदचे एकशे एक दिवस केले
त्या व्यापाऱ्याचं नाव तिथं कुठंच नव्हतं.

पद्मावतीनं दारावरचा हात काढला.
तिथं बोटांचे ठसे उमटले होते, ते पदरानं पुसले.
रिक्षात एवढंच म्हणाली,
किती आहे दुकानाचं?
वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिनं.
मी सांगितलं. खरा आकडा सांगितला.
पुष्पराज चौक येईपर्यंत ती गप्प होती,
मग म्हणाली, रबर आणायला पाहिजे नवं.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो.
समोरच्या इलाहीकडं चहा घेतला,
हात सवयीनं डाव्या खिशाकडं गेला
आणि मधेच थांबला, छातीवर.
सुट्टे नव्हतेच. म्हटलं, मांडून ठेव.
त्यानं वही काढली.
कधी नव्हे ते मी वाकून बघितलं:
बायांचे चहा, माझे, हमालांचे,
परवा पोरगी डबा घेऊन आली तेव्हाचं तिचं बिस्कीट,
सगळं एकाच पानावर एकाखाली एक,
आणि पानाच्या डोक्यावर
शाई फुटलेल्या पेनानं लिहिलेलं
खोकीवाला.