मिस्त्री कोण

टोलेडो शहर, जानेवारी, उणे अकरा.
तळघरात घोट्याएवढं पाणी.
बाईंनी दार उघडलं आणि बोलल्या
थेट कोडीशी. गोरा, एकोणीस वर्षांचा,
हातात नुसती बॅटरी.
"किती वेळ लागेल? आणि हा तुमचा माणूस
मागच्या दारानं येईल ना?"

कोडीचे कान लाल.
"मी शिकाऊ. मिस्त्री ते आहेत."

लुशियस प्रुएट तरीही वळसा घालून आला,
बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून.
पाइपाला कान लावला,
डॉक्टर लावतो तसा, असं लिहिणार होतो,
पण डॉक्टरला कुणी मागचं दार दाखवत नाही.

चौथ्या सांध्यात चीर होती.

परतताना गाडी चालवत कोडी म्हणाला, सॉरी.
लुशियस म्हणाला, हीटर लाव.

बाई तर तो कधीच विसरला होता.
डोक्यात होता मागचा रविवार,
जोसलिन, कॉलेजातली लेक,
फोनवर कुणाला तरी सांगत होती,
"बाबा ना? पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात आहेत."

खोटं नव्हतं म्हणा.

हीटर लागला, काच निवळली.
नखांतली काळी रेघ घासून जात नाही.
हात त्यानं
खिशातच ठेवले.