कोणाच्या कानांनी

तीन वसंत माझ्या वहीत फुलटोच्या नाही.
पहिल्या वर्षी त्याच्यापुढे रेघ ओढली,
दुसऱ्या वर्षी प्रश्नचिन्ह,
यंदा फाल्गुनात लाल शाईने लिहिलं : संपला.
आणि खाली कारणं, क्रमाने –
टेकडीच्या कुशीत उठलेले मनोरे,
पहाटे चारला घरघरणारा काँक्रीटचा मिक्सर,
बांडगूळ दिसलं की करवत चालवणारे माळी.

रविवारी वेताळ टेकडी उतरलो की
आम्ही टपरीमागे बसतो, पालथ्या क्रेटांवर,
आणि आठवड्याचं पाहिलेलं एकमेकांपुढे मांडतो,
मंडईत वाटे मांडतात तसं.
मुजावरांनी कवडीला चक्रवाक मोजले : अकरा.
मागच्या खेपेपेक्षा चाळीस कमी. निघाले उत्तरेला.
“या उन्हात मीही निघालो असतो,” म्हणाले,
आणि कुणाच्या तरी दुर्बिणीचा सैल स्क्रू
एका जुन्या नाण्याने आवळत राहिले.
सोनटक्क्यांच्या गॅलरीत शिंजिरानं
वाळत घातलेल्या मोज्याच्या चिमट्याला घरटं टांगलंय,
तो मोजा आता पाडव्यापर्यंत तिथेच.
खाणीवरचे रखवालदार बोत्रे. त्यांच्याकडे दुर्बीण नाही, यादी नाही.
“रात्री ते चक-चक करणारं परत आलंय बघा,”
एवढंच सांगतात, आणि ऋतुजा लगेच लिहून घेते : रातवा.

मग माझी पाळी आली. मी वही उघडून
लाल शाईतलं वाचलं, मोठ्याने, कारणांसकट.
कुणी काही बोललं नाही.
मुजावर नाण्याकडे बघत राहिले.
शेवटी ऋतुजा, एकोणीस वर्षांची,
जिला खोटं अजून नीट जमत नाही, म्हणाली,
“बाई, तो आत्ता बोलतोय.
तुमच्या डोक्यावर. मघापासून.”

वर पाहिलं.
आंब्याच्या फांदीवर बांडगूळ,
बांडगुळात अंगठ्याएवढा मातकट जीव
चोच उघडत होता, मिटत होता,
बंद काचेपलीकडून कुणी बोलावं तसा.

एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजात होते.
बुधवार पेठ ते नागपूर जोडून देताना
पहिल्या श्वासावरून कळायचं,
बारशाची बातमी आहे की दहाव्याची.
तेच हे कान.
मी टेकडीला दोष दिला, महापालिकेला दिला,
वर्तमानपत्राला दोन पत्रं धाडली.
एक छापूनही आलं. कात्रण आहे.

घरी येऊन लाल अक्षरं खोडायला घेतली, खोडली नाहीत.
चूक असली तरी माझ्याच हाताची.
पण समासात एक नवा रकाना आखला :
कोणाच्या कानांनी.
फुलटोच्या – ऋतुजा.
शिंजीर, पहाटेचा – ऋतुजा.
रातवा – बोत्रे, दोन्ही रात्री.
चष्मेवाल्यांचा थवा, सालईवर – मुजावर
(तेही हल्ली “असावा” म्हणतात, म्हणून पेन्सिलीने).

चैत्र लागला. गिरिपुष्पाचा गुलाबी रंग उतरला,
पांगाऱ्यावर भोरड्यांची भांडणं, ती मलाही पुरतात.
दुर्बिणीत शिंजिराचा गळा थरथरताना दिसतो
तेव्हा मी त्याखाली जुना आवाज सरकवते,
बोर्डावर वायर खोचायचे तशी, न बघता.
चुकीचा नंबर लागत असेल कधी कधी.
पलीकडून तक्रार येत नाही.

तांबट मात्र सोसायटीच्या टाकीजवळच्या उंबरावर
भर दुपारी ठोकत बसतो, टुक टुक टुक टुक,
तांबट आळीतून भांडून निघून आल्यासारखा.
दुसऱ्या मजल्यावरचे परचुरे वैतागून खिडकी लावतात.
मी उघडते.
त्याच्यापुढच्या रकान्यात लिहिते : मी.
आणि वेळ टाकते, एक वाजून दहा मिनिटं.